पलटणीला सांगावं का?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ‘नवतेज सिंग जोहर’ खटल्याचा निकाल दिला आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतात गुन्हा उरले नाहीत. चार महिन्यांनी, १० जानेवारी २०१९ला, तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत सांगितलं की लष्करात हे चालणार नाही. लष्कर कायद्याच्या वर नाही, पण ते जुन्या वळणाचं आहे आणि अशा बाबी आर्मी ॲक्टच्या कलमांखालीच हाताळल्या जातील. राज्यघटनेचं कलम ३३ सैन्यदलांपुरते मूलभूत हक्क मर्यादित करायचा अधिकार संसदेला देतं. त्यामुळे निकाल आणि नकार दोन्ही एकाच देशात नांदू शकले.

या दोन्हींच्या मध्ये अडकतो तो निवृत्त सैनिक. कायदा त्याला आता तुमच्या-आमच्यासारखाच लागू होतो, पण त्याची जिवाभावाची माणसं अजून पलटणीतलीच असतात. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात असे माजी सैनिक पुष्कळ राहतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीहून भरती झालेले, मुलांच्या नोकऱ्यांमुळे इकडे स्थिरावलेले, वागळे इस्टेटमध्ये किंवा घोडबंदर रोडच्या संकुलांमध्ये सुरक्षा सुपरवायझर म्हणून दुसरी नोकरी केलेले. त्यांच्यात समलिंगी माणसंही आहेत. जुन्या सोबत्यांना सांगावं की न सांगावं, हा प्रश्न त्यांना एकेकट्यानेच सोडवावा लागतो.

वादाचा विषय दोन तोंडांनी मांडायची रीत मराठीत जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) धोंडिबाशी बोलत बोलतच लिहिली. मीही तीच वाट धरतो. पुढचे दोघे मी रचलेले आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. एक मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त सुभेदार, साठीचे, राहायला कल्याण पश्चिमेला. गाव साताऱ्याकडचं, घरोघरच्या फौजींमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाजवळचं. दुसरे डोंबिवली पूर्वेचे निवृत्त शिक्षक. मराठी शिकवायचे; सगळे त्यांना सर म्हणतात. सुभेदारांनी लग्न केलं नाही. सरांनी केलं, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते. गेली दहा-बारा वर्षं हे दोघं एकमेकांचे जोडीदार आहेत. भेटतात ते ठाण्याला, उपवनच्या तलावाकाठी, कारण डोंबिवलीत फडके रोडवर दर दहा पावलांवर सरांचा विद्यार्थी भेटतो आणि कल्याणात सुभेदारांना ‘राम राम साहेब’ घालणारा कुणी ना कुणी असतोच.

४ फेब्रुवारी हा मराठा रेजिमेंटचा दिवस, १६७० साली तानाजींनी सिंहगड घेतला त्याची आठवण. यंदा त्या दिवशी जुन्या सोबत्यांनी ठाण्यात जेवण ठरवलं आहे. बोलणं तिथून सुरू होतं.

सुभेदार : ग्रुपवर यादी फिरतेय. सगळे आपल्या नावापुढे ‘जोडीने’ लिहितायत. माझ्या नावापुढे कुणीतरी परस्पर ‘एकटे’ लिहून टाकलंय.

सर : त्यात नवीन काय? दर वेळी एकटाच जातोस, पोटभर जेवतोस, जुन्या गोष्टी ऐकून खुशीत परत येतोस. यंदाच काय टोचलं?

सुभेदार : त्या गोष्टीच टोचतात आता. माझ्याबद्दल पलटणीत काय सांगतात, तुला ठाऊक आहे. साहेबांचं एका मुलीशी ठरलं होतं, ती तापाने गेली, म्हणून साहेबांनी जन्मभर लग्न केलं नाही. मी हे कधीच सांगितलं नाही. दर सुट्टीवरून मी बिनलग्नाचा परत यायचो, तेव्हा कुणीतरी आपल्या मनाने जुळवलं. मी नाही म्हटलं नाही, कारण ते माझ्या सोयीचं होतं. त्याच्या आडोशाला अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. पण आता जेवणावळीत कुणीतरी ती कहाणी नव्या पोरांना ऐकवतो, सगळे गप्प होतात, एखाद्याचे डोळे भरतात. जी मुलगी कधी नव्हतीच तिच्यासाठी. मला तो आदर घेववत नाही.

सर : आदर त्या मुलीमुळे नाही रे. चौकीवर पोरांच्या आधी तू कधी जेवला नाहीस, त्याचा तो आदर आहे. आता कहाणी काढून घेतलीस तरी तो टिकेल अशी तुझी खात्री आहे. माझी नाही. म्हणून म्हणतो, असू दे ती कहाणी. कुणाचं काही बिघडवत नाही.

सुभेदार : माझं बिघडवते. ते ज्याच्यावर माया करतात तो माणूस मी नाही, असं दर वेळी वाटतं.

सर : आणि खरं सांगून मायाच गेली तर? ऑफिसरचं वेगळं असतं. मेजर जे. सुरेश यांनी २०१०मध्ये लष्कर सोडलं आणि २०२०मध्ये जाहीरपणे सांगितलं की मी गे आहे. मोठं धाडस केलं त्यांनी, मी मानतो. पण एकूणच ऑफिसरला पलटणीबाहेरही जग असतं. शिक्षण असतं, कंपनीतली नोकरी असते, चार शहरांत ओळखी असतात. तुझं सगळं जग म्हणजे त्या ग्रुपवरची चाळीस-पन्नास माणसं आणि मी.

सुभेदार : त्याच मेजरसाहेबांच्या हकिकतीवरून ओनीर या दिग्दर्शकाने सिनेमा लिहिला होता. २०२२मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्याला परवानगी नाकारली. नटाने वर्दी घालून उभा केलेला गे फौजीसुद्धा चालला नाही. मग माझ्यासारख्याने तोंड मिटून बसायचं, आणि पलटणीने म्हणायचं, आपल्यात असलं कुणी नव्हतंच. हे असंच चालू द्यायचं?

सर : कायद्याचं तरी नीट बघितलंस का? पेन्शनला हात लागला म्हणजे?

सुभेदार : ठाण्याच्या कोर्टातल्या वकिलांना भेटून आलो. आर्मी ॲक्ट १९५० सालचा. त्याच्या कलम ४६मध्ये ‘अनैसर्गिक’ प्रकारच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पदाला न शोभणारं वागणं म्हणून कलम ४५खाली माझ्यासारख्या ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरला, म्हणजे जेसीओला, बडतर्फ करता येतं. नोकरीत होतो तोवर ही दोन्ही कलमं उशाशी घेऊन झोपलो. पण माणूस सेवेतून बाहेर पडला की कलम १२३ येतं. बंड, पलायन असले काही गुन्हे सोडले तर तीन वर्षांच्या आत खटला सुरू व्हावा लागतो. मी २०१२मध्ये बाहेर पडलो. पेन्शन चांगल्या वर्तनाच्या अटीवर असते हे खरं, पण ती रोखायला गंभीर गुन्हा किंवा गंभीर गैरवर्तन लागतं. गे असणं हा गुन्हा नाही. वकीलसाहेब म्हणाले, निर्धास्त राहा.

सर : बरं झालं विचारलंस. आता माझी भीती ऐक. ती कोर्टाची नाही. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, कविता लिहायचे. माझ्याच विषयाचा माणूस, म्हणून त्यांच्याबद्दल छापून आलेला शब्दन्‌शब्द मी वाचला. ८ फेब्रुवारी २०१०ला माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि आठवड्याच्या आत ते खोलीत मृत सापडले. तेव्हा माझी पत्नी हयात होती, मुलगी शिकत होती. वर्गात जाऊन फळ्यावर तारीख लिहिताना माझा हात थरथरत होता. निकाल बाजूने लागला तरी माणूस वाचत नाही, हे मी त्या आठवड्यात शिकलो.

सुभेदार : पण त्यांनी कुठे कुणाला काही सांगितलं होतं? ते गप्पच होते ना? गप्प राहून वाचले का?

सर : ते गप्प नव्हते. ते आपल्या घरात होते. या दोन्हींत फरक आहे, आणि मला तुझ्याकडून तो मान्य करून हवा आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात माणसाचा लैंगिक कलही येतो, असं निकालात स्पष्ट आहे. तुला वाटतं मी लपून बसलोय. मी माझ्या घराचं दार लावून घेतलंय. कडी आतून आहे आणि माझ्या हातात आहे. सिरस सरांवर अन्याय झाला तो त्यांचं दार फोडलं म्हणून. त्यांनी ते उघडलं नाही, ही त्यांची चूक नव्हती.

सुभेदार : मान्य. पण बॅरेकला दारच नसतं, सर. एका रांगेत खाटा. कुणाचा बाप दारू पितो, कुणाच्या बहिणीचं लग्न अडलंय, कुणाची बायको रुसून माहेरी गेलीय, सगळ्यांना सगळं ठाऊक. घरची पत्रं मोठ्याने वाचली जायची. माझ्या आईच्या कर्करोगाचं मला कळलं तेव्हा अर्ध्या प्लाटूनने पगारातून पैसे काढून दिले. त्या माणसांना माझं एकच काही माहीत नव्हतं, आणि नेमकं तेच माझं सगळ्यात मोठं होतं.

सर : ज्यांना हे सांगायला सोपं जाईल अशीही माणसं आहेत की. मुंबईत अशोक राव कवींनी १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट उभारला. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांसाठी ‘सीनेजर्स’ नावाचा गटही त्यांनी २०१७मध्ये सुरू केला. तिथे जा, बोल, मोकळा हो.

सुभेदार : गेलो होतो. माणसं भली आहेत, प्रेमाने ऐकतात. तिथे मी मोकळा झालोही. पण ती मला सुभेदार झाल्यानंतर भेटली. मी अठराव्या वर्षी बेळगावच्या सेंटरला ट्रंक घेऊन उतरलो तेव्हा शेजारच्या खाटेवर जो होता, त्याला हे सांगायचंय.

सर : बडीला? ग्रुपवर ‘तसल्या’ लोकांवरचे विनोद टाकतो तो?

सुभेदार : तोच.

सर : आणि त्यालाच सांगणार?

सुभेदार : त्यालाच. उंचावरच्या चौकीत त्याच्या फुप्फुसात पाणी झालं, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर येईना. रात्रभर त्याला पाठीशी बसवून धरला होता मी. पुढे कुपवाड्याकडे माझ्या पायाला गोळी लागली तेव्हा त्याने मला नाल्यातून ओढत आणलं. निवृत्तीनंतर हाच माझ्यासाठी तीनदा स्थळ घेऊन आला. तिन्ही वेळा मी काहीतरी कारण काढलं आणि मुलीकडच्यांची बोलणी त्याने खाल्ली. मी त्याचं देणं लागतो. त्याला तरी खरं कारण कळावं.

सर : मग त्याचाच विचार कर. तू सांगितलंस आणि ते पसरलं, तर लोक तुझ्या आधी त्याच्याकडे बघतील. एका बंकरमध्ये दोघं, हिवाळाभर. त्याला बायको आहे, सुना आहेत. आणि तू जेसीओ होतास, हाताखाली पोरं होती. एकेकाच्या मनात जुनी प्रत्येक रात्र उकरली जाईल. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, तो कशासाठी?

सुभेदार : हे मी माझ्या मनाशी सगळ्यात जास्त वेळा तपासलंय. हाताखालच्या माणसाशी मी कधी मर्यादा सोडली नाही. हुद्देवाल्यापुढे हाताखालचा माणूस नाही म्हणू शकत नाही, तेव्हा त्याच्या होकाराला अर्थ नसतो, मग तो पुरुष असो की बाई. हे मला कलमाच्या धाकाने कळलेलं नाही. ती माझी पोरं होती. कुणी विचारलं तर तोंडावर उत्तर देईन. बडीचं म्हणशील तर म्हणूनच त्याला आधी, आणि समोर बसून. दुसऱ्याच्या तोंडून त्याला कळता कामा नये. तो म्हणाला पुढे नको, तर पुढे एक शब्द नाही.

सर : हे पटलं. ग्रुपवर चार ओळी लिहून टाकणार असशील अशी मला धास्ती होती.

सुभेदार : आणखी एक आहे मनात. आज बेळगावात ट्रेनिंग घेणाऱ्या पोरांतही कुणी माझ्यासारखा असणार. तो बोलला तर नोकरी जाईल. बोलू शकतो तो पेन्शनवालाच.

सर : ठाण्यातल्या जेवणात तू काही बोललास म्हणून बेळगावच्या बॅरेकमध्ये काही बदलणार नाही. त्यासाठी वरून हुकूम लागतो. ब्रिटिश सैन्यातली बंदी १२ जानेवारी २०००ला उठली, तीही युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिल्यावर. अमेरिकेच्या सैन्यातलं ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरण २०११मध्ये गेलं ते संसदेने कायदा केल्यावर.

सुभेदार : तो युरोपातला निकाल कुणामुळे लागला? नोकरीवरून काढलेली चार माणसं कोर्टाची पायरी चढली म्हणून. पुढे २०२३मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, कारण म्हातारे झालेले फौजी आपल्यावर काय गुदरलं ते सांगायला पुढे आले. हुकूम वरूनच येतो, सर. पण खालून कुणी हाक दिल्याशिवाय येत नाही.

सर : आपल्याकडे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी २०१८च्या निकालात लिहिलंय की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. ‘कुटुंबीयांची’ हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. आता ऐक. इतका वेळ तू आहेस, तुझा बडी आहे, तुझी पलटण आहे, बेळगावचं पोरगं आहे. यात मी कुठे आहे?

सुभेदार : तुला विचारतोय म्हणूनच तर इथे बसलोय.

सर : दोन लग्नांना आणि एका वास्तुशांतीला तू मला घेऊन गेलास. शेजारी म्हणून ओळख करून दिलीस. मी कल्याणात राहतसुद्धा नाही. ‘मी गे आहे’ असं तू म्हटलंस की पुढचा प्रश्न ‘म्हणजे ते सर?’ हाच येणार. डोंबिवली केवढीशी आहे! पाडव्याच्या स्वागतयात्रेत गणेश मंदिरापासून चालायला लागलो की नमस्कार घेता घेता पुरेवाट होते. माझी मुलगी तिथे राहते. जावई, नात. तुझं खरं तुझ्या एकट्याच्या मालकीचं नाही. त्यात अर्धा मी आहे.

सुभेदार : अर्धा आहेस म्हणूनच बोलतोय. मागे मला रुग्णालयात भरती केलं तेव्हा फॉर्मवर ‘नातं’ या रकान्यात तू ‘मित्र’ लिहिलंस, आणि सही चालणार नाही म्हणून तुला बाहेर बसवलं. गावाहून पुतण्या येईपर्यंत.

सर : त्यानंतर कागद केले ना आपण? केंद्राच्या अर्थ खात्याने २८ ऑगस्ट २०२४ला स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. आपण बँकेत गेलो. इच्छापत्र नोंदवलं. आणखी काय हवं?

सुभेदार : कागदाने पैसे मिळतील. फॅमिली पेन्शन तुला मिळणार नाही, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं कार्ड मिळणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला, तो प्रश्न आता संसदेकडे आहे. ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे ते सांगतो. मी आधी गेलो तर पलटण येईल. मेडल लावून, पुष्पचक्र घेऊन येतील. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणतील. पुतण्या अग्नी देईल, ज्याला माझी गोळ्यांची वेळ माहीत नाही. आणि तू गर्दीत मागे उभा असशील, चप्पल हातात घेऊन. शेजारी म्हणून. मला ते नकोय. पलटणीतल्या एका तरी माणसाने तुला हाताला धरून पुढे आणावं. त्यासाठी त्याला माहीत असायला हवं.

सर : हे तू आधी कधी बोलला नाहीस.

सुभेदार : आत्ताही बोलवत नव्हतं.

सर : ती जागा मला नको असं नाही. पण ती घेताना समोर माझी मुलगी असेल. तिला हे स्मशानात कळणार? तुझ्या माणसांकडून?

सुभेदार : तू सांग तिला. आधीच सांग.

सर : ती पहिला प्रश्न विचारेल, ‘आईला माहीत होतं का?’ माहीत नव्हतं. मी तिच्या आईला कधी दुखावलं नाही, आजारपणात काही कमी पडू दिलं नाही. पण ज्या ओढीवर बायकोचा हक्क असतो ती तिला माझ्याकडून मिळाली नाही, आणि का मिळत नाही हे तिला कधी कळलं नाही. हे मला मुलीच्या तोंडावर कबूल करावं लागेल. तुझी पलटण फार तर तुझ्याशी बोलणं टाकेल. माझी मुलगी आपल्या आईच्या वतीने माझ्याकडे हिशेब मागेल, आणि तो मागायचा तिला हक्क आहे.

सुभेदार : मग थांबतो. तू म्हणशील तेव्हा.

सर : थांबून थांबून किती थांबणार? मी पासष्टचा, तू साठीचा. नाही. बडीला सांग.

सुभेदार : आणि त्याने तुझ्याबद्दल विचारलं तर? मी खोटं बोलणार नाही. खोट्यातून सुटायला निघालो आणि पहिल्याच प्रश्नाला खोटं, असं नको. ‘ते विचारू नकोस’ म्हटलं तर तेही उत्तरच झालं.

सर : म्हण, ‘हो, तेच. पण त्यांच्या घरी अजून माहीत नाही, तेव्हा तुझ्या-माझ्यात ठेव.’ ज्याने तुला नाल्यातून ओढून आणलं त्याच्या हाती माझं नाव द्यायला माझी हरकत नाही. मुलीला मी सांगेन. कधी, ते विचारायचं नाही. तोवर बडीच्या पुढे कुणी नाही.

सुभेदार : मान्य. आणि जेवणाला?

सर : मी येणार नाही. आणि ती तापाने गेलेल्या मुलीची कहाणी तिथे भरल्या पंगतीत मोडू नकोस. तू मोडलीस तर ती कबुली होते, लोक अंगावर येतात. पुढे कधी बडीला वाटलं तर तो मोडेल, आणि त्याचं ते ऐकतील.

सुभेदार : ठीक. पण ग्रुपवर तसला विनोद पुन्हा आला तर मी गप्प राहणार नाही. ‘हे इथे नको, आपल्यातल्या कुणाला लागेल’ एवढं लिहीन.

सर : एवढ्यावरूनही दोघं-तिघं ओळखतील.

सुभेदार : ओळखू देत.

संवाद मी इथे थांबवतो, कारण यापुढचं त्या दोघांच्या हातात नाही, ऐकणाऱ्यांच्या हातात आहे. माझं मत मात्र सांगतो. सांगणं ही शौर्याची परीक्षा नाही. जो सांगत नाही तो भित्रा नाही. सरांसारखा माणूस आयुष्यभर स्वतःचं आणि घरच्यांचं बरोबरच जपत असतो. पण सांगायचं ठरलंच, तर सुभेदारांनी धरलेली वाट मला सगळ्यात न्याय्य वाटते. ज्याचं नाव आपल्या खऱ्यात गुंतलेलं आहे त्याला आधी विचारायचं, मग ज्याच्या भरवशावर जगलो अशा एका माणसाला समोर बसून सांगायचं, आणि पुढे किती जायचं ते त्या दोघांना विचारून ठरवायचं. खरं बोलायचा हक्क आपला असला, तरी त्याची किंमत आपण एकटेच भरत नाही.

उरलेलं ओझं सैन्याने आणि समाजाने उचलायला हवं. नागरिकाला जे २०१८मध्ये मिळालं ते वर्दीतल्या माणसाला का मिळू नये, याचं उत्तर ‘आम्ही जुन्या वळणाचे आहोत’ एवढंच असू शकत नाही. शिस्त हवी, हुद्द्याचा गैरफायदा घेणाऱ्याला कडक शिक्षा हवी. पण ती त्याच्या वागण्याला हवी, आणि पुरुष-बाई सगळ्यांना सारखी हवी. जो कुणाशी वावगं वागलाच नाही, त्याने कलम ४६ उशाशी घेऊन अठ्ठावीस वर्षं काढावीत, हे मराठ्यांच्या रेजिमेंटच्या ‘कर्तव्य, मान, साहस’ या ब्रीदात कुठेही बसत नाही. त्याने कर्तव्य केलं, साहस केलं. मान द्यायचं काम बाकीच्यांचं होतं.

आणि माजी सैनिकहो, हे तुम्हाला. तुमच्या पलटणीतही असा कुणी असू शकतो. तुम्ही त्याच्यासाठी स्थळं आणली असतील, त्याच्या एकटेपणाची कहाणी रचली असेल, ती प्रेमानेच रचली असेल. तो कोण, याचा शोध घेऊ नका. ग्रुपवर तसला विनोद आला की आधी तुम्ही म्हणा, हे इथे नको. ते लिहायची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नका. आणि एखाद्या दिवशी तो समोर येऊन बसलाच, तर ‘इतकी वर्षं का नाही सांगितलंस?’ असं विचारू नका, आपण सांगण्याजोगं काय ठेवलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्याला घरी जेवायला बोलवा, आणि दोघांना मिळून बोलवा.